ठिणगीचा आवाज

दस्तगीरमामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गॅरेजातली माणसं आपोआप गप्प झाली. बाहेर उद्यमनगरात लेथ फिरत होत्या, कुठंतरी घण पडत होता. गॅरेजच्या पत्र्याखाली मात्र त्या केशरी गाडीच्या घरघरीखेरीज काही नव्हतं.

"सुरात आहे," मामा म्हणाले. "ठिणगी खणखणीत पडतीय. दोष पेट्रोलच्या वाटेत. कार्बोरेटर परत उतरवू."

"चौथ्यांदा?" भरत मगदूम हसत म्हणाला. गाडी त्याची होती. इचलकरंजीत त्याचे माग होते आणि वर्षातून एकदा घाटात गाडी पळवायचं वेड होतं. पण मामांपुढं त्यानं पुढं काही विचारलं नाही. कोल्हापुरात दस्तगीर मिस्त्रीच्या कानापुढं कुणीच काही विचारत नसे.

मी दारात उभी होते. आमचं रिवाइंडिंगचं दुकान शेजारीच. जळालेल्या मोटारी, डायनामो यायचे. माझे वडील, आबा, ते उघडायचे आणि तांब्याची तार मी गुंडाळायची. लग्न होऊन दीड वर्षात माहेरी परत आले होते. कुणी काही विचारू नये म्हणून दिवसभर वेढे मोजत बसायचे. त्या दिवशी मामांचा एक आर्मेचर, म्हणजे डायनामोचा तार गुंडाळलेला गाभा, द्यायला आले होते, आणि इंजिनाच्या घरघरीच्या वर मला ते ऐकू आलं.

टिक्. टिक्-टिक्. थोडं थांबून पुन्हा टिक्.

भिंतीवर पाल चुकचुकते, तसं. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या बाबतीत ती खरोखरच बॉनेटखाली चुकचुकत होती.

"मामा," मी म्हणाले, "काहीतरी टिकटिकतंय."

मामांनी डोळे उघडले. रागानं नाही, पण बघितलं ते मला आवडलं नाही.

"पोरी, तू आपली तार गुंडाळ," ते म्हणाले. सगळे हसले. मी आर्मेचर टेबलावर ठेवला आणि परत आले.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

गाडीचं दुखणं सगळ्या उद्यमनगराला ठाऊक होतं. जुनीच गाडी, पण मामांनी तिचं इंजिन पार बदललं होतं. आतला दाब वाढवला होता, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले होते. धूर बाहेर नेणारा मूळचा बिडाचा तुकडा काढून चार लांब वाकड्या नळ्या स्वतः वाकवून जोडल्या होत्या. रिकाम्या रस्त्यावर ती वाऱ्यासारखी जायची. पण शर्यतीच्या रांगेत पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी राहिली, आणि मग चढावर जोर लावला, की अडखळायची. खोकायची. कधी कधी पुरती बंद पडायची. अर्धा तास निवली की पुन्हा जशीच्या तशी.

आदल्या वर्षी भैरीच्या घाटात नवव्या वळणावर ती अशीच बंद पडली. चढावरून मागं घसरली आणि मागचं एक चाक कठड्याबाहेर जाऊन अधांतरी थांबली. भरत हे हसून सांगायचा. त्याची बायको मात्र तेव्हापासून गाडीकडे बघतही नव्हती.

त्या टिकटिकीनं मला झोप लागू दिली नाही. मी काही मेकॅनिक नव्हते, पण वीज मला कळत होती. वीज आळशी असते, तिला जवळची वाट सापडली की लांबच्या वाटेनं जात नाही. प्लगच्या टोकावर उडायची ती ठिणगी जर मधेच कुठं पळून जात असेल, तर तिचा आवाज असाच येणार: कोरडा, बारीक. मग जन्मभर इंजिनं ऐकणाऱ्या माणसाला तो ऐकू कसा आला नाही?

दोन दिवसांनी दुपारी मी गॅरेजात गेले. जेवणाची वेळ, कुणी नव्हतं. मामा पाठमोरे बसून कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, साफ करत होते. मी मूठभर पितळी वॉशर घेतले आणि त्यांच्या मागं, फरशीवर सोडले.

ते वॉशर किती वेळ वाजले! उड्या मारत, गिरक्या घेत, मंदिरातल्या बारक्या घंटांसारखे किणकिणत सगळीकडे पांगले. एक तर थेट मामांच्या स्टुलाखालून गोल गोल फिरत गेला.

मामा जेट फुंकत राहिले.

मग तो वॉशर त्यांच्या पायाला लागला. त्यांनी खाली बघितलं, मग मागं वळून माझ्याकडं. फरशीभर सांडलेलं पितळ बघितलं. मला एकदम स्वतःची लाज वाटली.

"दार लोटून घे," ते म्हणाले.

मी दार लोटलं.

"किती दिवस झाले, मामा?"

"दोन वर्षं." ते जेटकडे बघत बोलत होते. "आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, झाड तोडलं म्हणून यायच्या बंद झाल्या असतील. मग पाल गेली, कुकरची शिट्टी गेली. मग एक दिवस नात समोर बसून हसत होती. तोंड हसतंय, आवाज न्हाई. तेव्हा कळलं."

"पण इंजिन तर तुम्ही..."

"जाड आवाज येतो की. पिस्टन येतो, व्हॉल्व्ह येतो. तुझं बोलणं येतं, निम्मं ओठावरून कळतं. बारीक तेवढं गेलं." त्यांनी जेट खाली ठेवला. "घणाच्या शेजारी चाळीस वर्षं काढली. जायचंच होतं."

"डॉक्टर?"

"डॉक्टर मशीन लाव म्हणतो. दस्तगीर मिस्त्री कानाला मशीन लावून बसला, तर इंजिन घेऊन कोण येईल माझ्याकडं?"

मी खाली बसून वॉशर गोळा करायला लागले. थोड्या वेळानं तेही गुडघे धरत खाली बसले आणि दोघांनी मिळून ते वेचले.

"टिकटिकतंय म्हणालीस," ते हळूच म्हणाले. "कसं? वाजवून दाखव."

मी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. त्यांना ऐकू आला नसणार. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"या खुदा," ते म्हणाले. "ठिणगी गळतीय."

"कुठं गळतीय ते कानानं नाही, डोळ्यानं बघू," मी म्हणाले. "अंधार करा."

भर दुपारी आम्ही गॅरेज बंद केलं. दारांच्या फटीत गोणपाटं कोंबली, पत्र्यातल्या भोकांवर चिंध्या टाकल्या. धूर आत कोंडू नये म्हणून मामांनी गाडीच्या मागच्या नळीला लोखंडी पाईप जोडून तो भिंतीतल्या भोकातून बाहेर काढला. इंजिन चालू केलं आणि चांगलं पाव तास तापू दिलं. मग शेवटची चिंधी लावली.

आधी काहीच दिसलं नाही. नुसता काळोख, त्यात ती घरघर आणि अंगावर येणारी ऊब. मग डोळे सरावले.

वायरींवरून निळं काहीतरी रांगत होतं.

धुक्यासारखं निळं; जिकडं नीट बघावं तिकडून निसटणारं. प्लगकडे जाणाऱ्या चारी वायरींना त्याची झालर लागली होती. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर बारीक बारीक मुळं फुटत होती, विझत होती, पुन्हा फुटत होती. आणि तिसरी वायर जिथं त्या वाकड्या नळीच्या सगळ्यात जवळून गेली होती, तिथून एक धागा मधेच सुटायचा, नळीला शिवायचा, नाहीसा व्हायचा. टिक्.

मला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत. गाडी तिथं नव्हतीच. नुसत्या तिच्या नसा काळोखात लोंबत होत्या. बाहेर ऊन होतं, लोक सायकलीवरून जेवायला निघाले होते, आणि आम्ही दोघं तिथं वाकून, एकमेकांची तोंडंही न दिसता, ते बघत होतो. मामा काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांच्या हाताला धरून बोट त्या धाग्याच्या दिशेनं नेलं.

"आता," मी त्यांच्या कानाशी म्हणाले. "आता. आता. परत आता."

प्रत्येक 'आता'ला निळा धागा उडत होता. मामांनी तेवढ्यापुरता तो आवाज डोळ्यांनी ऐकला असावा.

मग त्यांनी इंजिन बंद केलं, गोणपाटं काढली, आणि उजेडात ती गाडी पुन्हा नुसती गाडी झाली.

"पण गारठल्यावर का गळत न्हाई?" मामा स्वतःशीच म्हणाले.

"उष्णता," मी म्हणाले. "तापलं की वायरीचं कातडं ढिलं पडतं. आणि तुमची कॉईल बघा कुठं बसवलीय. चुलीच्या तोंडाशी."

ठिणगीला जोर देणारी कॉईल त्यांनी त्या नळ्यांपासून वीतभर अंतरावर बसवली होती. मी दुकानातून मेणबत्तीचे तुकडे, राळ आणि डाग द्यायचं कथील आणलं. मेण लवकर वितळतं, राळ त्यानंतर, कथलाला तर फार आच लागते. कॉईलवर, तिच्या पट्टीवर, टोपीजवळ, पुढं जाळीपाशी, जिथं जमेल तिथं तिन्हींचे बारके खडे चिकटवले. पुन्हा पाव तास इंजिन चालवलं. जाळीपाशी मेणसुद्धा तसंच होतं. टोपीजवळचं मेण ओघळलं होतं. कॉईलवरची राळ पाघळली होती. आणि कॉईल धरणाऱ्या पट्टीवर, नळीच्या बाजूला, कथलाचा थेंब चांदीसारखा चकाकत पसरला होता.

मामांनी तो थेंब किती वेळ बघितला.

"मीच बसवली ती तिथं," ते म्हणाले. "जवळ दिसली म्हणून."

पुढचे दहा दिवस आम्ही त्या गाडीत राहिलो म्हटलं तरी चालेल. कॉईल उचलून पुढं, जाळीमागच्या गार वाऱ्यात नेली. वायरी नव्या घातल्या; त्यांच्यावर मोटारींसाठी आणलेल्या काचेच्या धाग्याच्या नळ्या चढवल्या, आणि एकमेकींना किंवा धुराच्या नळ्यांना शिवू नयेत म्हणून वीज न वाहणाऱ्या बेकेलाईटच्या पट्टीला भोकं पाडून त्यातून ओवल्या. प्लगच्या टोकातली फट मामांनी केसभर कमी केली. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. विजेला परतीची वाट चांगली मिळावी म्हणून इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत तांब्याचा जाड पट्टा मी विणून दिला. धुराच्या नळ्या आणि वायरींच्या मधे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला.

"चिकटवून नको, मामा. मधे बोटभर हवा ठेवा. पत्रा तापेल, हवा तापायला वेळ लागतो."

"भाकरीच्या तव्यावरनं सुचलं काय?"

"मोटार जळाल्यावरनं सुचलं."

ते हसले. शेवटी त्यांनी पुढचा एक दिवा काढून टाकला आणि त्या भोकातून डब्याच्या पत्र्याची नळी आत सोडली, थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर वारा घालायला. बॉनेटची मागची कड लाकडाचे ठोकळे लावून बोटभर उचलली, म्हणजे रांगेत उभं असताना आतली वाफ निघून जाईल.

पुन्हा अंधार केला. पुन्हा पाव तास तापवली. या वेळी काळोखात काहीच नव्हतं. मला थोडं वाईटही वाटलं.

भरत आला तेव्हा मामांनी बॉनेट उघडून सगळं दाखवलं. "दोष ठिणगीत होता. गळत होती. माझ्या लक्षात आलं," ते म्हणाले.

भरतनं त्यांचे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखा कान न्हाई, मिस्त्री."

मी वायरींचे उरलेले तुकडे गोळा करत होते. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी ते आमच्या दुकानाच्या पायरीशी आले आणि म्हणाले, "कानाचं कुणाला बोलू नकोस, शालन."

"नाही बोलणार," मी म्हणाले. आणि बोलले नाही. पण त्या रात्री जेवण गेलं नाही, हेही खरं.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे आम्ही भैरीच्या घाटात पोचलो. मामांनीच मला "चल" म्हटलं होतं. का, ते विचारलं नाही. धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे हवेत टांगल्यासारखे वाटत होते. घाट दिसतच नव्हता. चार किलोमीटरचा चढ, अकरा वळणं, वरच्या टोकाला निशाण. हे सगळं त्या पांढऱ्यात कुठंतरी होतं. गाड्या एकामागं एक उभ्या होत्या, इंजिनं चालू, आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी ओरडत धुक्यात शिरत होती आणि पुसली जात होती.

भरतचा नंबर चौदा. पुढं तीनच गाड्या राहिल्या तेव्हा त्यानं काच खाली केली.

"मिस्त्री. तुमचं व्हायचंय."

हा त्यांचा नेम होता. मामांनी इंजिन ऐकून "जा" म्हटल्याशिवाय भरत निघत नसे. आजूबाजूचे लोक जवळ आले. दस्तगीर मिस्त्री ऐकताना बघणं हीच एक गंमत असायची. मामांनी बॉनेट उचललं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.

ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. पुढची एक गाडी गेली.

मग त्यांनी डोळे उघडले आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

"भरत, मला ऐकू येत न्हाई."

"गोंगाट आहे, मिस्त्री. होणारच की."

"गोंगाटाचं नव्हं. बारीक आवाज मला दोन वर्षं झाली, ऐकूच येत न्हाई." मामा मोठ्यानं बोलत होते. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनही. "गेल्या साली इथंच उभा राहून तुला 'जा' म्हणालो. तेव्हाही टिकटिकत असणार. मला आलं न्हाई. मी ऐकल्याचं सोंग केलं, आणि तू गेलास."

भरतनं हेल्मेट अर्धं घातलं होतं, तसाच राहिला.

"ही गळती मी न्हाई शोधली. हिनं शोधली." त्यांनी मागं न बघता हात करून मला पुढं ओढलं. "शालन. ही 'जा' म्हणाली तर जा. न्हाई म्हणाली तर गाडी बाजूला घे."

आणखी एक गाडी गेली. आता पुढं एकच होती.

इतक्या माणसांनी आयुष्यात कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी पदर खोचला आणि वाकले. पहिल्यांदा मला फक्त माझंच काळीज ऐकू आलं. ते बाजूला सारलं. मग घरघर. मग पंख्याच्या पट्ट्याची कुजबुज, वाऱ्याच्या नळीतली सुसू, तेलाची सळसळ. एकेक आवाज उचलून बाजूला ठेवत गेले, तांदळातले खडे वेचावेत तसे.

टिक्.

"आहे," मी म्हणाले.

"कुठं?" मामांनी ओठ वाचून विचारलं.

"दुसरा प्लग. तापून नाही, हे वेगळं आहे. ओलं आहे."

धुकं! जाळीतून, दिव्याच्या भोकातून ते सरळ आत येत होतं. आम्हीच त्याला वाट करून दिली होती. "बंद करा," मी भरतला म्हणाले. दुसऱ्या वायरीचं रबरी टोपण उपटलं, आत दवाचे बारीक थेंब होते. पदरानं कोरडं पुसलं. मामांनी न सांगता व्हॅसलीनची डबी उघडून धरली. टोपणाच्या आत बोट फिरवलं, दाबून बसवलं. मग चारीही केली. मागून कुणीतरी ओरडलं, "चौदा! चौदा नंबर पुढं घ्या!"

"चालू करा."

मी पुन्हा वाकले. डोळे मिटले.

"आता टिकटिकतंय?" भरतनं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

त्याला मुलगी आहे, तीन वर्षांची, हे मला त्या क्षणी का आठवलं कोण जाणे. मी आणखी एकदा ऐकलं.

"नक्की," मी म्हणाले. "जा."

गाडी धुक्यात गेली. आधी रंग गेला, मग आकार, मग मागं नुसता आवाज राहिला. मी आणि मामा रस्त्याच्या कडेच्या दगडावर उभे राहिलो. काहीच दिसत नव्हतं. डोंगर कुठं, दरी कुठं, काही पत्ता नव्हता. त्या पांढऱ्यात आवाजच तेवढा एक जागा होती.

"पहिलं," मामा म्हणाले. "दुसरं." तिसऱ्यानंतर ते थांबले. मान तिरकी करून बघितली, मग माझा हात धरला. "मला गेला. तू सांग."

"चौथं वळण घेतलं," मी म्हणाले. "दुसऱ्या गिअरमधे आहे. आता तिसऱ्यात टाकली. पाचवं. साफ येतोय आवाज."

"खोकली?"

"नाही. सहावं. डावीकडं गेली. सातवं... हां, आला. आठव्याला जोर लावला."

आणि आठव्यानंतर मलाही काही ऐकू येईना. डोंगराची सोंड मधे आली असावी किंवा धुक्यानंच गिळलं असावं. थेंब पडत होते पानांवरून, दुसरं काही नाही.

मामांचा हात माझ्या हातात होता. म्हाताऱ्या माणसाचा खडबडीत हात.

"नववं?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हणाले. "दुसऱ्यात टाकली. वळली."

"निघाली?"

"निघाली. चाललीय. छान चाललीय, मामा."

"दहावं?"

"दहावं."

मी ते असं सांगत गेले, की थोड्या वेळानं मलाच गाडी दिसायला लागली: केशरी, एका डोळ्याची, त्या पांढऱ्या पोकळीत वर वर जाणारी. मी तिला अकरावं वळण घ्यायला लावलं, निशाणापर्यंत नेलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि आम्ही नुसते उभे राहिलो.

वायरलेसवाल्या माणसाच्या हातातला डबा खरखरला. "चौदा नंबर पोचला. तीन मिनिटं बेचाळीस."

त्या माणसानं ते मोठ्यानं परत सांगितलं. मामांनी त्याच्या ओठांकडे बघितलं आणि ते समजले. हळूच माझा हात सोडला, आपला तळवा शर्टाला पुसला.

"आठव्याच्या पुढं तुला काही ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला किती घाम आला होता तुझ्या."

भरत त्या वर्षी सहावा आला. पहिल्या तिघांत नाही, पण वर पोचला. त्या दिवशी तिथं असलेल्या दोघा-तिघांनी पुढं आपली इंजिनं दुसरीकडं नेली, हे सांगायलाच हवं. एकानं तर जाता जाता मामांना ऐकू जाईल अशा बेतानं "बहिरा" म्हटलं. मामांनी ते ओठांवरून वाचलं की नाही, मला कळलं नाही. भरत कुठं गेला नाही. मामांनी कानाला मशीन लावलं ते वर्षभरानं, आणि तेही नातीसाठी. गॅरेजच्या भिंतीत दार फोडून आमचं दुकान जोडलं, ते त्याच्याही नंतर. पण माझ्यासाठी जे ठरायचं होतं ते त्याच सकाळी, गाड्या घाटावरून परत खाली यायला लागल्या तेव्हा ठरलं.

धुकं विरळ होत होतं. भरतची गाडी रांगेतून हळूहळू उतरत आली आणि आमच्यापाशी थांबली. तो इंजिन चालू ठेवूनच उतरला. मामांना ओलांडून पुढं आला, माझ्यापाशी.

"शालनताई, उतरताना काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळत न्हाई. ऐका जरा."

सगळे माझ्याकडे वळले. गेले दोन महिने, खरं तर माहेरी परतल्यापासूनच, मी ह्याचीच वाट बघत होते: कुणीतरी मला काही विचारावं, आणि मी सांगेन ते खरं मानावं. मामा एक पाऊल मागं सरले. हातातल्या चहाच्या थर्मासचं झाकण उघडून ते उगाचच आत बघत राहिले. जागा करून देत होते ते मला.

मी वाकले. वरचे सगळे बारीक आवाज स्वच्छ होते, धुतल्यासारखे. पण त्यांच्या खाली, फार खोल, काहीतरी होतं. जाड, मंद. बंद खोलीतून कुणीतरी दार वाजवावं तसं. मी तिथवर पोचू शकत नव्हते. एवढंच कळत होतं की ते आहे.

काहीतरी अंदाजानं सांगता आलं असतं. माणसं विश्वास ठेवायला तयारच होती.

"मामा," मी म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. जाऊन बाही ओढली. "इकडं या. वरचं सगळं साफ आहे. खाली काहीतरी आहे, ते मला ओळखता येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी दया म्हणून बोलावतेय का, हे बघत असावेत.

"खरंच येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी थर्मास खाली ठेवला. गाडीपाशी येऊन दोन्ही तळवे मडगार्डवर टेकवले आणि मान खाली घातली. "थोडी रेस दे," ते भरतला म्हणाले. "सोड. परत दे. सोड." सोडताना प्रत्येक वेळी त्यांची बोटं किंचित आवळत होती.

"खालचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "ठोकतंय. अजून पाच मिनिटं चालवलीस तर इंजिन फुटून पिस्टनचा दांडा बाहेर येईल."

भरतनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग? काय करू?"

"बंद कर," मामा म्हणाले, आणि मीही त्याच वेळी म्हणाले, "बंद करा."

त्यानं आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन दोन हेलकावे देऊन थांबलं. मामांनी खिशातून फडकं काढून हात पुसले आणि ते माझ्याकडे दिलं.

"दोर आणलाय का गं कुणी?" ते म्हणाले. "घरापर्यंत ओढत न्यावी लागणार."